बायको माझी, दुभाषी त्यांची

६ मार्च २०२२, रवि.
इकडे आखातात रविवारी ऑफिस असतं. मृणाल आजपासून आमच्या ऑफिसात, दुभाषी म्हणून. आधीचा दुभाषी जपानला परत गेला, नवा मिळेना, आणि मीच शहाण्यासारखं हिराता-सानना मेल करून कळवलं, माझ्या बायकोला जपानी येतं. लग्नाआधी पुण्यात हौसेने शिकली होती, परीक्षाही दिल्या होत्या. हिराता-सान म्हणजे टोकियोहून आलेले आमचे साहेब, इंग्रजी जेमतेम. म्हटलं, कॉम्प्युटर इंजिनियर बाई लेकीच्या, ईराच्या शाळेपायी घरी बसलीय, फुटबॉलच्या वर्ल्ड कपपर्यंत तिचाही वेळ जाईल. मीटिंगला माझ्या शेजारी बसली. छान वाटलं.

१० मार्च, गुरु.
स्टेडियमच्या गेटवर तिकीट तपासायचं हातातलं यंत्र, त्याच्या आतलं सॉफ्टवेअर आमचं. म्हणजे माझं. आज मी म्हटलं, "एवढ्या दिवसांत हे होणार नाही." मृ. बराच वेळ बोलली. हिराता-सान हसले. या माणसाला हसता येतं हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं.
गाडीत विचारलं, काय सांगितलंस?
"तू म्हणालास तेच. फक्त माणसासारखं."

२ एप्रिल, पाडवा
हिराता-सानच्या घरी श्रीखंड पोचवलं. कल्पना तिची, ड्रायव्हर मी. घरी श्रीखंड वाटीभर उरलं. ईरा म्हणाली, "बाबा, यू आर सल्किंग." रुसलोबिसलो नाही म्हटलं.

१९ एप्रिल
टोकियोहून पाहुणे आले होते. ते निघाले की लिफ्टचं दार मिटेपर्यंत सगळ्यांनी कमरेत वाकून उभं राहायचं, ही तिकडची रीत. मी मान हलवतो आणि सुटतो. मृ. दार मिटलं तरी वाकलेलीच. माझ्या आईला नमस्कार करताना हिची पाठ दुखते.
पाहुण्यांपैकी एकाने तिला कार्ड दिलं, दोन्ही हातांनी. मला मिळालं नाही. मी मागितलंही नाही.

१८ मे, बुध.
यंत्र मधेच मुकं होतं. तिकीट वाचतच नाही. ऑफिसात ठणठणीत, स्टेडियमवर बंद. सगळ्यांचं म्हणणं उन्हाने. मी कोड उलटापालटा करतोय, ओळ न् ओळ. डोळे गेले.
हे सुटलं की टोकियोच्या मुख्य ऑफिसात दोन वर्षं. तसं कुणी बोललेलं नाही, पण आमच्यातून एकाला नेणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो एक कोण हेही. मी चार वर्षं याचसाठी इथे वाळूत काढली.

९ जून, गुरु.
लिहावंसं वाटत नाही. तरी.
स्टेडियमवर चाचणी होती. मृ. बरोबर. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून. ती आपली गेटवर उभी राहून बघत होती. मग हिराता-सानपाशी गेली, यंत्र हातात घेतलं, दुसऱ्या हाताने पडद्यावर सावली धरली आणि जपानीत काहीतरी म्हणाली. सगळे जमा झाले.
उन्हात पडदा दिसत नाही म्हणून माणूस वर तळहात धरतो. तिकीट वाचणारा भाग नेमका तिथेच, यंत्राच्या वरच्या कडेला. तळहाताने तोच झाकला जातो. खलास. कोडमध्ये काहीच चूक नव्हती. मी आठवडेच्या आठवडे निरोगी पेशंटचं पोट फाडत होतो.
हिराता-सान तिच्यापुढे वाकले. चार लोकांत.
गाडीत मी: "मला आधी का नाही सांगितलंस? मराठीत?"
"सकाळी येतानाच सांगत होते, लोक यंत्र कसं धरतात ते एकदा बघ म्हणून."
"मग?"
"तू म्हणालास, 'तू भाषांतराचं बघ.'"
म्हणालो असेन. आठवत नाही. म्हणालो असेनच.

१२ जून, रवि.
मृ.चं टेबल आता इंजिनियरांच्या रांगेत. ऑफिसात सगळे अभिनंदन माझं करतायत, म्हणजे बघा. केरळचा एक जण म्हणाला, "लकी मॅन, यार." हसलो. जळतो मी तिच्यावर. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. परक्या माणसावर जळणं सोपं, त्याच्याबरोबर जेवायला तरी बसावं लागत नाही.

२६ जून, रवि.
हिराता-साननी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. जपानीत बोलायला लागले, मृ.कडे बघून, मग माझ्याकडे बघून. मृ. भाषांतर करेना. एरवी त्यांचं वाक्य संपायच्या आत हिचं सुरू होतं. मी म्हटलं, काय म्हणतायत?
ती मराठीत म्हणाली, "सप्टेंबरपासून टोकियोला दोन वर्षं. मला. दुभाषी नाही, इंजिनियर म्हणून. तू इथे, वर्ल्ड कप होईपर्यंत तरी. आणि तुझी हरकत आहे का, विचारतायत."
"सांग त्यांना…" मी सुरुवात केली.
"मी नाही सांगणार. तुझं तू सांग."
मग मी माझ्या तोंडाने, इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: शी इज बेटर दॅन मी. शी शुड गो. आय ॲम हॅपी.
हिराता-सानना सगळं कळलं. उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी थेट बोललो, आणि हे बोललो.
चेहरा बरा ठेवला असावा.

२७ जून, सोम.
मृ.ने हो म्हटलेलं नाही अजून. आठवडाभराची मुदत मागितलीय.
घराअलीकडे, गराफ्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "काल केबिनमध्ये बोललास ते सगळं आता मराठीत म्हण."
"कळलं ना तुला."
"कळलं. तरी म्हण."
पहिली दोन वाक्यं म्हटली. ती चांगली आहे, तिने जावं. खरीच आहेत, अडखळलो नाही. ती तिसऱ्याची, 'मला आनंद आहे'ची, वाट बघत राहिली. सिग्नल सुटला, मागचा हॉर्न वाजवायला लागला, तिने काही माझ्यावरची नजर काढली नाही. घर आलं. गाडी लावली. एसी चालू ठेवून दोघं आत तसेच बसलो.