मस्कत, सव्वा तासावर

रविवार, ४ फेब्रुवारी १९९६
मस्कतच्या शाळेला पुढच्या आठवड्यात कळवायचं आहे – येते की नाही. दोन वर्षं भूगोल शिकवायचा. जावंसं वाटतं. फार वाटतं! पण आई? तिचा दमा, आणि मी एकुलती एक. नंदकिशोर म्हणतो, मी आहे ना इथे, जावई झालो तो कशाला? ते खरं. पण रात्री-अपरात्री काही झालं तर मस्कतहून मी किती वेळात पोचेन? अ‍ॅटलासवर दोरा लावून पाहिला. पंधराशे किलोमीटरच्या थोडं वर. यावरून काय कळणार?

सोमवार, ५ फेब्रुवारी
वाशीच्या तिकीटवाल्याला फोन केला. विमान सकाळी दहाला सुटतं, सव्वाअकराला मस्कत. सव्वा तास! नेरुळहून सहारच्या विमानतळावर जायलाच त्याहून जास्त लागतो. आईने विचारलं, म्हणजे मध्येच येऊ शकशील? म्हटलं, न यायला काय झालं! बरं, जा, म्हणाली आणि लांब श्वास सोडला. सुटकेचा असावा.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
सव्वा तासात पंधराशे किलोमीटर? असो. विमान आहे, जात असेल.

शनिवार, १० फेब्रुवारी
परतीची वेळ विचारली. तिथून सव्वाबाराला निघून इथे सव्वाचारला. चार तास! नंदकिशोर म्हणाला, "न्यायची घाई आहे त्यांना, परत द्यायची नाही." मी वाऱ्याला दोष देत बसले. शेवटी खालच्या आरिफाकडे गेले – तिचा नवरा फजल मस्कतलाच असतो. ती हसत सुटली. "वैजूताई, तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे! जाताना काय नि येताना काय, अडीच-पावणेतीन तास धरा."

आणि मी भूगोल शिकवते! सातवीच्या फळ्यावर दरवर्षी रेखावृत्तं काढते! सुचलं नाही, की सुचू दिलं नाही? गुरुवारी आकडा खटकला होताच की. आईचा होकार सव्वा तासाला आहे, पावणेतीन तासांना नाही. न सांगता गेले तर तो होकार कसला?

रविवार, ११ फेब्रुवारी
सांगितलं. आई लसूण सोलत होती, सोलतच राहिली. नकाराचं पत्र मनात लिहून झालं.

सोमवार, १२ फेब्रुवारी
चहा घेताना आईनेच विषय काढला. "बरं झालं बाई. सव्वा तासावर असतीस तर माझ्या दर खोकल्याला येऊन उभी राहिली असतीस. आता जरा विचार करून येशील. जा तू."

होकाराचं पत्र लिहिते आहे. आत आई जावईबापूंना विचारतेय, भज्यांना कांदा किती चिरू.