बाबांनी जहाज पाहिलेलं नाही

३ मार्च, सोमवार

काय घडलं, तेवढंच:
१. काल संध्याकाळी बाबांचा मेसेज आला.
२. गेल्या महिन्यात मी घरून भांडून निघाले, त्यानंतरचा हा पहिलाच.
३. वाक्यं तीन. "तुझी खोली आहे तशी आहे. तुझी खुर्ची आहे तशी आहे. तुझा बाप तेवढा आहे तसा राहिला नाही."
४. हे बाबांनी लिहिलेलं नाही.

चौथा मुद्दा अनुमान आहे, घटना नव्हे. तरी खोडत नाही. बाबा म्हणजे "पोचलीस" आणि "बरं". प्रश्नचिन्हसुद्धा त्यांना उधळपट्टी वाटते!

भांडणही त्या "बरं"वरूनच. मी सांगितलं, प्रयोगशाळेत मला कायम करतायत, म्हणजे आता या शहरातच राहणार. "बरं." मी म्हटलं, एवढंच? ते उठून आत गेले. मी नको ते बोलले आणि बॅग उचलली.

४ मार्च

संध्याकाळी लेखनवर्ग. "तुमचे अहवाल औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसारखे वाटतात" म्हणून साहेबांनीच मला तिथे धाडलं. पण तिथे शिकवणाऱ्या बाईंची रीत पटते. कादंबरीतलं एक वाक्य घ्यायचं, त्याचं मांस काढायचं, म्हणजे शब्द; हाडं ठेवायची, म्हणजे रचना; वर आपलं मांस चढवायचं. आम्ही प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं अचूक मापाच्या प्रमाण-तुकड्याशी ताडून पाहतो, तसंच काहीसं.

बाबांच्या मेसेजचं मांस काढून पाहिलं. दोन वाक्यं सारखी, तिसरं तसंच सुरू करून मोडलेलं. बाई म्हणतात ना — "दोनदा सवय लावा, तिसऱ्यांदा पायाखालची सतरंजी ओढा."

हाडं ओळखीची आहेत. बाबांची नाहीत.

५ मार्च

संशय दादावर. त्याची बदली झाली आहे, पुढच्या महिन्यात तो आणि वहिनी जाणार. बाबांजवळ कोणीतरी हवं. आज फोनवर म्हणाला, "मी काही म्हणत नाही. बाबा एकटे पडतील असंही म्हणत नाही. तू तुझं बघ." काही म्हणत नाही म्हणत सगळं म्हणून टाकायचं — हा तर आमच्या वर्गातला तिसरा धडा!

साहेबांना शुक्रवारी, १४ तारखेला, कायम होण्याबद्दल उत्तर द्यायचंय. बाबांना मी खरंच हवी असेन तर विचार करीन. दादाची सोय म्हणून — नाही.

७ मार्च

चाचणी घेतली. बाबांना लिहिलं, "डोळे तपासलेत का?" उत्तर, "हो." हे शंभर टक्के बाबा.

मग दुपारी हे आलं: "माणूस बोलत नाही म्हणून घर गप्प होत नाही, घर गप्प होतं म्हणून माणूस बोलत नाही." उलटापालट. नीट बसली आहे. जरा जास्तच नीट.

दादाला सरळ विचारलं. "बाबांचे मेसेज तू लिहितोस?"

"मी? मला रजेचा अर्ज लिहायला तुझी वहिनी लागते!"

"मग वहिनी लिहीत असेल."

"बाई गं, जगाची मापं काढतेस, एकदा तुझाही काटा तपासून घे." फोन बंद.

चिडला. म्हणजे निर्दोष, किंवा पकडला गेलेला. दोन्हीत आवाज सारखाच येतो.

८ मार्च

काही नाही. फोन तीनदा उघडून पाहिला.

१० मार्च

सापडलं! आजचा मेसेज: "धक्क्यावर उभं राहणाऱ्याला जहाज लहान होताना दिसतं, जहाजात बसलेल्याला वाटतं, तुझा बापच लहान झाला."

बाबांनी जहाज पाहिलेलं नाही. आमच्यापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. हाडांवर मांस चढवताना मूळ शब्द काढायचे राहून गेलेत. नवशिक्यांची ठरलेली चूक — माझ्याही पहिल्या उताऱ्यात कुणाच्या तरी कादंबरीतला घोडा प्रयोगशाळेत उभा राहिला होता. बाई किती हसल्या होत्या!

आणि हे वाक्य मला माहीत आहे. मी सराव करते त्याच कादंबरीतलं. पेन्सिलीने अधोरेखित केलंय, समासात माझे प्रयत्नही आहेत. भांडणाच्या गडबडीत ती घरीच राहिली. माझ्या उशाशी.

म्हणजे माझ्या खोलीत कोणीतरी जातं. माझ्या वस्तू उघडतं. दादाने आयुष्यात कादंबरी उघडलेली नाही. उरली वहिनी.

११ मार्च

वहिनीला फोन केला. शब्द तोलून ठेवले होते. पहिलाच वापरला — "माझी कादंबरी..."

"अगं, ती बाबांकडे आहे. तुला सांगू नको म्हणालेत. जेवण झालं की तुझ्या खुर्चीत बसतात, भिंग घेऊन. तू खुणा केल्यास ना, तेवढंच वाचतात. मला विचारतात, 'हे वाक्य हिला का आवडलं असेल गं?' मग कागदावर काहीतरी लिहितात, खोडतात. मी म्हटलं, बाबा, सरळ फोन करा की! तर म्हणाले, 'माझ्या बोलण्याने ती चिडते. तिला असं बोललेलं आवडतं.'"

मी म्हटलं, "बरं."



१२ मार्च

बाबांना पाठवलं. एकही हाड उसनं नाही:

"बाबा, जहाजाचं वाक्य छान आहे, पण ते तुमचं नाही. मला तुमचं हवंय. शुक्रवारी इथे हो की नाही सांगायचंय. मी घरी परत येऊ का? उद्या, गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा. एक शब्द चालेल."