नानकटाईवरचा बांगडीचा ठसा

६ एप्रिल, नांदेड
सदर छापून आलं. 'बांगडीछाप नानकटाई'. सकाळपासून नऊ फोन. मेसेज मोजले नाहीत, निम्मे नुसतेच हसून लोळणारे पिवळे चेहरे. कॉलेजात स्टाफरूममध्ये जाहीर वाचन झालं. लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, अशी एक आमच्याही गल्लीत होती हो! अगदी हीच!" प्रत्येकाच्या गल्लीत एकेक निघाली की लेख जमला, असं मी धरते. पंधरा वर्षांत याहून कडक परीक्षा लावलेली नाही.
लेखातली बाई अशी: उन्हाळ्याच्या सुटीत मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर जाते, नानकटाई भाजून आणायला. आपली बिस्किटं कुणी बदलू नयेत म्हणून एकेका गोळ्यावर हातातली बांगडी दाबून ठसा उमटवते. भाजून आली की मोजते. पाहुण्यांना देताना मोजते. पाहुणे गेले की पुन्हा मोजते.
लोक मोजण्यावर जास्त हसले.
लातूरहून अक्काचा फोन नाही. एरवी पहिला तिचा असतो.

८ एप्रिल
फोन आला, पण अक्काच्या लेकीचा, पल्लवीचा.
"मावशी, आईनं वाचलं."
"काय म्हणाली?"
"निम्म्यापर्यंत हसली. मोजायचं आलं तिथं तर लईच. मंग चष्मा काढून ठेवला. म्हणली, गॅस बारीक कर."
"आणि?"
"आणि काय? केला बारीक."
अक्का घरी नानकटाई आणि केक करून विकते. लातुरात तिची नानकटाई ओळखतात ती त्या ठशावरून. हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही, असं इथं लिहिणार होते. स्वतःच्या वहीत तरी खोटं कशाला. आलं होतं लक्षात.

१० एप्रिल
अकरावीचे पेपर. एकानं लिहिलंय, 'विनोदी लेखक समाजाला आरसा दाखवतो.' अर्धा मार्क दिला.
खरं काय ते एकदा लिहून ठेवते.
औशाची भट्टी. मी नऊ वर्षांची, अक्का चौदाची. बायकांची रांग, पुढ्यात डबे आणि भाजायचे पत्रे. आईचा नंबर आला तशी पुढची एक बाई भट्टीवाल्या चाचांना म्हणाली, "यांचा पत्रा आमच्यासंगं नगं. शेवटी घाला. अन् यांची बिस्किटं वळखू यावीत असं करा कायतरी." मागच्या दोघींनी माना हलवल्या. चाचांना सगळ्यांशीच धंदा करायचा होता. खाली बघून ते आईला म्हणाले, "बाई, कुछ निशानी कर दो."
आईनं पितळेची पिळाची बांगडी हातातून काढली आणि एकेका गोळ्यावर दाबली. सत्तर तरी असतील. सगळी रांग बघत होती. आमचा पत्रा शेवटी गेला. निवलेल्या भट्टीत बिस्किटं फिकट निघाली. घरी येताना आई म्हणाली, "बघा गं, समद्यात देखणी आपलीच हायती." पुढच्या वर्षी कुणी सांगायच्या आत तिनं बांगडी काढली. त्याच्या पुढच्या वर्षीही.
विटाळाची भीती त्यांची. लेखात मी त्या भीतीचा आईचा चिक्कूपणा करून टाकला. शब्द मोजून, नऊशेत बसवून.
माझं आडनाव वाचकांना काही सांगत नाही, आणि मीही सांगत नाही. त्यांना मी 'आपल्यातलीच' वाटते. नगरसेवक, प्राचार्य, सासवा, जावई, कुणाला सोडलं नाही. ती रांग मात्र कधी उडवली नाही. तिखट जीभ म्हणे.

१४ एप्रिल
जयंती. दरवर्षी लातूरला असते. यंदा पेपर. (पेपर कालच संपले.)
इथल्या विहारात वंदनेला गेले, मागच्या रांगेत बसले.
दुपारी अक्काचा डबा आला, दरसालासारखा, ओळखीच्या कंडक्टरबाईंच्या हाती. नानकटाई तीच, वेलचीचा वास तोच. वर ठसा नाही. खालच्या थरावर असेल म्हणून उपसत गेले. तळापर्यंत एकावरही नाही. सगळी गुळगुळीत.
आणि हो, मोजली. बावन्न.

१७ एप्रिल
लातूरच्या एका महिला मंडळाचा फोन. 'पाककृतीतून ललितलेखन', एका दिवसाचं शिबिर, २६ तारखेला. अध्यक्षा भलत्याच उत्साही. "सकाळी बेकिंगचा डेमो, दुपारी तुमचं मार्गदर्शन. केकसोबत साहित्यपण फुगलं पाहिजे, मॅडम!" म्हटलं, दोन्हींत सोडा बेतानं घाला. खूप हसल्या. मग म्हणाल्या, "आणि गंमत ऐका ना. तुमच्या लेखातल्यासारखी एक बाई खरंच आहे आमच्याकडे! नानकटाईवर बांगडी मारते. डेमोला तिलाच बोलावलंय. सगळ्यांसमोर बांगडीचं विचारू, धमाल येईल."
मी म्हणाले, "वा. छान."
'ती माझी बहीण.' तीन शब्दांचं वाक्य होतं. मी मराठी शिकवते.

१९ एप्रिल
शिबिराची तयारी. म्हणजे अक्काच्या वहीची झेरॉक्स पुढ्यात घेऊन बसले. पाचेक वर्षांपूर्वी काढून आणली होती, 'रेसिपी पाहिजेत' म्हणून. माझ्या हातचा उकडलेला बटाटाही चविष्ट होत नाही. मला रेसिपी नको होत्या. तिची वाक्यं हवी होती.
नानकटाईच्या पानावर: 'तूप हातानं फेटायचं, पांढरं होईस्तोवर. रडू येत असंल तर आधी रडून घ्यायचं, मग फेटायचं. रडताना हात गरम असतात.'
हे वाक्य गेल्या दिवाळीत माझ्या नावावर छापून आलं. एका बाईंनी ते पाटीवर लिहून घेऊन स्वयंपाकघरात लावलंय. अक्का तेव्हा एवढंच म्हणाली होती, "बरं जमलंय गं तुला." मी थँक्यू म्हणाले होते!

२६ एप्रिल, लातूर
सत्तरेक बायका. टेबलावर छोटा ओव्हन. अक्का इस्त्रीच्या साडीत. मला बघून म्हणाली, "नमस्कार, मॅडम." मीही नमस्कार केला. दोघी बहिणी, दोन पाहुण्या, दोन गुच्छ.
ती तूप फेटत होती तेव्हा बायका पुढं सरकून बघत होत्या. गोळे मांडले तशी मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, बांगडी कुठाय? आम्हाला बांगडीवाली पाहिजे!" हशा.
अक्कानं हात पुसले. "ती लेखातली बाई. ती मॅडमला ठाऊक. त्यांना विचारा."
माईक माझ्याकडे. अक्का सरळ माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. चुलीवर ठेवलेल्या दुधाकडे बघतात तसं.
मी म्हणाले, "लेखकाच्या भट्टीत थोडा मैदा जास्तच पडतो."
टाळ्या. अक्कानंही वाजवल्या. पिठाच्या हातांनी. आवाज आला नाही.
दुपारी मी बायकांना काय सांगितलं? 'घरातला एक पदार्थ घ्या. त्यातलं जे सांगायची लाज वाटते ते आधी लिहा.' पानं भरत होती. एक म्हातारी लिहिता लिहिता पदर डोळ्याला लावत होती. पहिल्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही काय लिहाल?" मी घड्याळ बघितलं. सुदैवानं चहा आला.

२७ एप्रिल, परतीच्या बसमध्ये
काल संध्याकाळी अक्काकडे गेले. डबा परत करायचा होता. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आईची शिस्त, म्हणून अर्धापूरचे केळीचे वेफर्स भरून नेले होते. नांदेडहून दुसरं काय नेणार, माझी कीर्ती?
ती भाकरी थापत होती. मी पाटावर.
"चिक्कू म्हणलीस त्याचं काय न्हाई. हायच मी चिक्कू. मोजते बी."
"अक्का..."
"ती बांगडी आईची हाय, हे तुला ठावं होतं का न्हाई?"
"होतं."
"आन् का मारत होती, ते?"
"तेही."
"मंग?"
"खरं लिहिलं असतं तर कुणी हसलं नसतं गं."
"नसतंच हसलं." भाकरी उलटली. "हसायलाच पाहिजे होतं व्हय?"
पल्लवी मध्ये पडली. "मावशी, ऑर्डरी लई वाढल्यात. समद्यांना बांगडीवालीच पाहिजे. आन् आई ठसाच मारत न्हाई. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून राहिलेत."
"इतकी वर्षं आईचा हात म्हणून मारला," अक्का म्हणाली. "आता दाबाया गेलं की हसलेलं ऐकू येतंय."
शिबिरात का सांगितलं नाहीस, सगळ्यांसमोर का झाकलंस मला, असं विचारलं. तिनं तव्यावरून नजर काढली नाही. "झाकलं कुठं? तुझ्या हातात माईक दिला की."
जेवले. दोन भाकरी. लाज वाटत असली तरी भूक लागते, ही नवी माहिती.
सकाळी निघताना तिनं डबा हातात दिला. "ने. रिकामा न्हाई." बसमध्ये बसल्यावर उघडला. फडक्यात गुंडाळलेली बांगडी. पिळांत जुनं पीठ बसलेलं. अर्ध्या वाटेत फोन करून विचारलं, हे काय? म्हणाली, "तुझ्या लेखातली हाय. तूच ठेव."

१ मे
लिहिलं. पहिले दोन खर्डे विनोदी झाले. फाडले. तिसऱ्यात रांग आली, चाचा आले, 'शेवटी घाला' आलं, आमची वस्ती आली, आणि मी लेखात काय केलं तेही. एकही कोटी नाही. वाचताना कपडे काढून उभं असल्यासारखं वाटलं.
संपादकांना वाचून दाखवलं. भले गृहस्थ, कधी शब्द कापत नाहीत. म्हणाले, "मॅडम, ताकदीचं आहे. पण आपलं सदर लोक चहासोबत वाचतात. ते 'शेवटी घाला' तेवढं काढता आलं तर? भट्टीवर गर्दी होती, म्हणू."
नाही म्हणायचं होतं. म्हणाले, "कळवते."
दुसरीही अडचण आहे. हे छापायचं तर पुन्हा अक्कालाच चव्हाट्यावर आणणं आलं. आधी हसण्यासाठी, आता हळहळण्यासाठी. तिला विचारायला हवं. की विचारणं म्हणजे माझं ओझं तिच्या डोक्यावर देणं? दोन्ही खरं असावं.

४ मे
शेजारणीचा ओव्हन मागून आणला. वहीचं पान भिंतीला लावलं.
पहिली खेप: सगळी नानकटाई वितळून एकमेकींत मिसळली. पत्र्यावर एकच अखंड बिस्किट. आता म्हणा, कुणाचं कुठलं.
दुसरी: तूप नीट फेटलं. आधी रडून घेतलं, वहीत लिहिलंय तसं. हात निवेपर्यंत थांबले. मग बांगडी. जोरात दाबली तर गोळा तडकतो. हलकी दाबली तर भाजल्यावर ठसा पुसला जातो. अठ्ठावीस गोळ्यांत मला दाब सापडला नाही. स्वयंपाकघरात मी एकटी, बघायला कुणी नाही, तरी प्रत्येक गोळ्याआधी मागं वळून बघत होते.
आईनं सत्तर दाबली होती. रांग बघत असताना. एकही तडकलं नव्हतं.
तिसरी खेप बरी.

६ मे
सकाळी डबा कंडक्टरबाईंकडे दिला. नानकटाईचे चार थर, सगळ्यांवर ठसा, काही वाकडे. बांगडीही फडक्यात परत. तळाला बटरपेपरखाली लेख, 'शेवटी घाला'सकट, खाली माझं पूर्ण नाव आणि औशातल्या आमच्या वस्तीचं. शेवटी दोन ओळी: 'अक्का, तू हो म्हणालीस तर असाच्या असा जाईल, संपादकांनी कापायला लावलं तर सदर बंद. नको म्हणालीस तर तुझ्याकडेच राहू दे.' वहीतल्या त्या वाक्याबद्दलही लिहिलं, की ते तुझं आहे.
हे पुन्हा वाचलं तर 'सदर बंद' जरा नाटकी वाटतं. खोडता आलं असतं. पण डबा गेला होता.
संपादकांचा फोन दोनदा. उचलला नाही. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.
चार वाजता पल्लवीचा मेसेज: 'डबा आला मावशी. आई मोजून राहिली. वरच्या थरात एक तडकलेलं निघालं म्हणती.'
विचारलं, आणखी काय म्हणते?
'काई न्हाई. मोजून राहिली.'
अजून तीन थर आहेत. कागद त्यांच्या खाली आहे.