साडूचं इंजिन तापत नाही

३ मार्च
आज पुन्हा इंजिन तापलं. एक फेरी मारेपर्यंत काटा लाल रेघेवर. निमूट उतरलो. शेजारच्या शेडमधला साडू मात्र मनसोक्त उडून आला, इंजिन थंड. दोघांनी घरी बांधलेली विमानं. प्लॅन तोच, इंजिन तेच, रेडिएटर तोच. नशीब एकेकाचं. मला मत्सर अजिबात वाटत नाही.

४ मार्च
साडू म्हणाला, तुझ्या रेडिएटरच्या कडेनं बोटभर फटी आहेत, हवा जाळीतून जायच्याऐवजी तिथून पळते, त्या बुजव. बघतो म्हणालो. विमान मी बांधलंय की त्यानं?
संकल्प: वीस तारखेला बायकोचा वाढदिवस. तिला वर न्यायचं. पहिली प्रवासी तीच, हा लग्नाआधीचा शब्द आहे.

९ मार्च
मोठा रेडिएटर आणून बसवला. कडा कुठेच नीट टेकत नाहीत, पण साइज बघा! संध्याकाळी उडवलं. काटा आणखी लवकर चढला. रेडिएटर डिफेक्टिव्ह.
बायको म्हणाली, भाऊजींना विचारलं तर काय कमीपणा येईल? भाऊजी म्हणताना केवढी खुलते! माझं नाव घेताना एवढी कधी खुलली?

१४ मार्च, दुपार
साडू जेवायला गेला होता. सहज त्याच्या शेडमध्ये डोकावलो. हेरगिरी नव्हे, अभ्यास. आणि सापडलं! इंजिनाखाली हवा आत जायच्या तोंडातच त्यानं फोमचा ठोकळा ठासून बसवलाय. मुंगी शिरणार नाही. बुजवणं म्हणतात ते हे! आणि मला सांगतो, कडेच्या फटी. लबाड. ठोकळ्याला लांब लाल रिबिनही होती. शोभेला असेल.

१५ मार्च
तसाच ठोकळा कापला, त्याच्यापेक्षा जाड. वर गोंद. रिबिन लावली नाही, मला दिखावा आवडत नाही.

१६ मार्च
धावपट्टी गाठायच्या आतच वाफेचं कारंजं. साडू बादली घेऊन पळत आला. वाकून ठोकळा बघितला. मग म्हणाला, अरे, हा उभ्या विमानाला लावतात, आत पक्ष्यांनी घरटं करू नये म्हणून. उडताना काढायचा असतो, विसरू नये म्हणून तर रिबिन.
मी म्हणालो, माहीत आहे, प्रयोग चालू होता. त्याला पटलं असावं.

१८ मार्च
मेकॅनिक म्हणतो, इंजिनाचं हेड वाकलं. पार्ट पुढच्या महिन्यात.

२० मार्च
बायको आकाशात जाऊन आली. साडूच्या विमानातून. मीच म्हणालो, जा. दुसरं काय म्हणणार? निघताना साडूनं आपला ठोकळा काढून माझ्या हातात दिला, म्हणाला, धर जरा. धरून उभा राहिलो. इंजिन आजच तापावं असं फार वाटलं. मग आत कोण बसलंय ते आठवलं आणि घाबरून तो विचार परत घेतला. तापलं नाही.
उतरल्यावर तिचा चेहरा नुसता फुललेला. म्हणाली, वरून माणसं ओळखूच येत नाहीत, पण तुम्ही लगेच सापडलात, हातात लाल रिबिन होती ना.