कोरी पट्टी

पॅरिस, ३ मार्च १९२०

ती. ओनोरीनताईस लेआंद्रचा सा. न. वि. वि.

ताई, कुणाला बोलू नकोस, पण हिवाळ्यातल्या त्या तापानं माझं नाक मेलंय. काल शेजारी दूध करपून कोळसा झालं आणि मी आपला पेपर वाचत बसलेला! व्होक्लेर अत्तरगृहाचा मुख्य अत्तरकार म्हणे!

पुढच्या आठवड्यात मालकीणबाईंपुढे नवं अत्तर ठेवायचंय. युद्धानं धंदा पार खिळखिळा झालाय. हे पडलं तर कारखान्याला टाळं. नुसत्या आठवणीवर दोन मिश्रणं केलीत, बाटल्या पाठवतोय. कोणती ठेवू, तेवढं कळव. तुझं नाक माझ्याहून तिखट, असं बाबा जाईच्या शेतात म्हणाले तेव्हा मी जेवलो नव्हतो. आज तेच नाक मागतोय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
लेआंद्र

ग्रास, ७ मार्च

चि. लेआंद्रास अ. आ.

गाढवा, इतके दिवस गप्प बसलास? बाटल्या पोचल्या. तुझ्यापायी घरात लसूण बंद केला, आमचे हे जेवताना नुसते धुसफुसताहेत.

निळ्या दोऱ्याची बाटली ठेव. जाई जरा अंगावर येते, झाडाच्या शेवाळाचा अर्क थोडा वाढव. दुसरी ओतून दे, घसा धरते. पण मालकीणबाईंना खरं सांगून टाक रे. त्या घरात सगळे नाकावरच जगतात, किती दिवस फसवशील?

जिवाला जप आणि लगेच कळव.
तुझी ताई

पॅरिस, १४ मार्च

ती. ताईस सा. न.

नाही सांगितलं. जीभच उचलेना.

तुझ्या सांगण्याप्रमाणे शेवाळ वाढवलं. सगळ्यांनी वास घेतला, माना डोलावल्या. मग मालकीणबाईंनी अत्तर हुंगायची कागदाची एक पट्टी माझ्या हातात दिली आणि मीच वर्णन करावं म्हणाल्या. पट्टी कोरडी होती, पण वाळल्यावर मागे काय उरतं तेही आम्ही बघतोच, म्हणून संशय आला नाही. मी डोळे मिटून जाई, शेवाळ, सगळं रंगवून सांगितलं. ताई, ती पट्टी अत्तरात बुडवलीच नव्हती.

बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि अत्तर कुणी निवडलं ते विचारलं. मी तुझं नाव घेतलं. अत्तर ठेवणार आहेत. तुला बोलावलंय, माझ्या जागेवर. मी तुझ्या हाताखाली.

तुझा राग आलेला नाही असं लिहिलं होतं, पण ते खोडलं. आलाय. तरी तू ये, कारखाना वाचायला हवा. फक्त पहिल्या दिवशी मला तिथं शोधू नकोस. त्या खुर्चीत तुला बसलेलं मला बघवणार नाही.

रागावलास तरी भाऊच आहेस, असं एकदा लिहून पाठव.
लेआंद्र