वरच्या खुणेच्याही वर

४ मार्च, मंगळवार

आज ओतलं एकदाचं! कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही वही.

ह्यांचा क्रम ठरलेला. गिऱ्हाइकाच्या गाडीचं ऑईल बदललं की शेवटी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, मान तिरकी करून ऐकायचं, बंद करायचं, आणि तडक जिना चढून वर आंघोळीला. मग जेवण, मग डुलकी. अडतीस वर्षांत यात बदल नाही. आज बाथरूमची कडी लागली तशी मी खाली गॅरेजात. ऑईल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली — चांगली चटका बसण्याइतकी गरम! पट्टीवर दोन खुणा असतात, ऑईल त्या दोन्हींच्या मध्ये हवं. मेकॅनिकच्या बायकोला एवढं कळतंच. तर ते खालच्या खुणेपर्यंतही पोचलेलं नव्हतं. म्हणजे हे परत विसरले. नरसाळं लावलं आणि वरच्या खुणेपर्यंत भरलं. लिटरभर तरी गेलं असेल.

मागच्या महिन्यात जुनं ऑईल काढलं आणि नवं न भरताच गाडी सुरू करायला निघाले होते. शेजारचा पंक्चरवाला धावत आला म्हणून वाचलं. हे हसले. मला नाही हसू आलं. थोरल्या दिरांचंही असंच सुरू झालं होतं — आधी किल्ल्या विसरले, मग घराची गल्ली, मग आम्ही सगळे.

ह्यांच्या हातून गॅरेज गेलं तर मागे काय उरेल? विसरेनात का. मी आहे ना मागे.

६ मार्च, गुरुवार

आजही कमी. भरलं.

१० मार्च, सोमवार

रोजच कमी निघतंय! आज तर हे बाथरूममधून लवकर बाहेर आले. मी जिन्यात, पदराला ऑईल. कुठे गेली होतीस म्हणाले. वाळत घातलेले कपडे बघायला, म्हटलं. कपडे गच्चीवर असतात, गॅरेजात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बरंच झालं म्हणायचं आणि वाईटही वाटायचं, असं झालंय माझं.

दुपारी खिडकीतून ऐकत होते. एका जुन्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तिला विचारत होते, ‘काय गं बाई, कुठे दुखतंय?’ माझे गुडघे वर्षभर दुखतायत, इतक्या गोड आवाजात कधी चौकशी झाली नाही. पण खरं सांगू, याच आवाजावर भाळून मी या माणसाशी लग्न केलं. तेव्हा माझ्या वडिलांची गाडी दुरुस्त करत होते.

१२ मार्च, बुधवार

शाळेतल्या गणिताच्या बाई गाडी परत घेऊन आल्या. मागे निळा धूर, सगळ्या गल्लीत जळका वास. परवाच तर नेली होती. ह्यांनी पट्टी बघितली. ऑईल वरच्या खुणेच्याही बोटभर वर!

बाईंना नीट समजावून सांगितलं. कमी ऑईल वाईट तसं जास्तही वाईट. इंजिनाचा खालचा दांडा त्यात बुडून फिरतो, घुसळून साबणाच्या पाण्यासारखा फेस करतो. फेस पंपाला ओढता येत नाही, मग चेंबर भरलेलं असूनही इंजिन कोरडं राहतं. वर जास्तीचं ऑईल जळतं, प्लग काळे पडतात. बाईंनी विचारलं, झालं कसं हे? हे म्हणाले, ‘चूक माझी आहे.’

मी वर खिडकीत. डबल भरलं की काय ह्यांनी? विसरून दोनदा? म्हणजे मला वाटलं होतं त्याहून पुढे गेलंय प्रकरण.

१५ मार्च, शनिवार

आज नर्सबाईंची गाडी. तोच आजार. शिवाय सील फुटून ऑईल गळतंय, त्यांच्या हॉस्पिटलच्या दारात डबकं झालं म्हणे. हे पुन्हा म्हणाले, चूक माझी.

जेवायला बसले तर घास फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘महिनाअखेरीला बंद करू या गॅरेज. लोकांच्या गाड्या आहेत गं, माणसं बसतात त्यांत.’

मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे का? मेली माझी जीभ!

१७ मार्च, सोमवार

गणिताच्या बाई गाडी न्यायला आल्या. पुढच्या वेळी मी स्वतःच बघेन पट्टी, म्हणाल्या. हे म्हणाले, जरूर बघा, पण इंजिन बंद केल्या केल्या बघू नका. तेव्हा ऑईल सगळीकडे वर गेलेलं असतं, खाली उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. लगेच बघितलं तर भरपूर असूनही कमीच दिसणार. माणूस फसतो आणि वर आणखी ओततो.

मी जिन्यात उभी होते.

मी! मी ओतलं! गरमागरम पट्टी बघून दोन आठवडे रोज लिटरभर! ह्यांनी मोजूनमापून, बरोब्बर भरलेल्या इंजिनांत! नऊ गाड्या झाल्या, परत आल्या दोनच — बाकीच्या कशा वाचल्या देव जाणे. आणि हा माणूस माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन अडतीस वर्षांचं गॅरेज बंद करायला निघालाय.

पण त्याखालचं आनंदाचं भरतं कुठे लपवू? हे विसरलेले नाहीत! काहीसुद्धा विसरलेले नाहीत! मागच्या महिन्यातलं ते एकदाच, कुणाचंही होतं. अक्कलशून्य मी आहे, हे ठणठणीत आहेत. असली अक्कलशून्य सात जन्म राहायची तयारी आहे माझी.

सांगायला हवं. सांगितलं तर कळेल की बायकोचा आपल्यावर भरवसा नव्हता. लागेल मनाला. चार दिवस बोलणार नाहीत. नाही बोलले तर नाही. गॅरेज तरी राहील.

१८ मार्च, मंगळवार

सांगितलं. चहा पुढे ठेवला आणि सगळं घडाघडा बोलून टाकलं. रडले, मग हसले, म्हटलं आता गॅरेज बंद करायचं कारणच नाही.

ह्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, ‘तू ओततेस ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. गाडी थंड झाली की मी पट्टी बघतोच. रोज दुपारी जास्तीचं काढून टाकायचो. तुझ्या जिवाला तेवढंच बरं वाटत होतं, म्हणून बोललो नाही.’

मग चहाचा कप बाजूला सरकवला.

‘त्या दोन गाड्यांचं काढायचं विसरलो गं.’