छोट्या डस्टीच्या टोपीखाली

प्रिय एल्वुड,

पाकिटावर तुझं नवं नाव लिहिलंय, आत मात्र जुनंच. दोन ओळी वाचून हे चुलीत टाकावंसं वाटलं तर खुशाल टाक, पण त्याआधी एवढं ऐक की इथे तुझ्यावर कुणीही रागावलेलं नाही. ओढ्याकडच्या वाटेवर ज्यांची जर्दाळूची बाग आहे ना, त्या सिल्व्हेरांचा मनुएल फळांच्या पेट्यांसाठी लाकूड आणायला ओरेगॉनला आला होता. तिथे लाकडाच्या गिरणीत त्याने तुला पाहिलं. तो म्हणतो, "लहानपणी त्या चेहऱ्याचं चित्र मी सिनेमाघराच्या भिंतीवरून फाडून घरी नेलं होतं, विसरेन कसा?" त्याने तुला विचारलं, "तू सिनेमातला छोटा डस्टी ना रे?" आणि तू फळी खांद्यावर चढवत म्हणालास, "तो केव्हाच घोड्यावरून पडून मेला." मनुएलने हे जेवताना सांगितलं तेव्हा मला हसूही आलं आणि मी ताटही बाजूला सारलं. घोड्यावरून पडले ती मी, वेड्या. तू कधी घोड्यावर नीट बसलास तरी का?

बाबांचा तबेला आता नाही. तिथे पेट्रोलचा पंप झालाय. पण मला अजून तो दिवस दिसतो, ती सिनेमावाली मंडळी टेकड्या आणि ऊन शोधत आपल्या गावात उतरली आणि बाबांकडे घोडे भाड्याने मागायला आली. तू ओटच्या पोत्यावर बसून काकवी लावलेला पाव खात होतास. हनुवटीवरून काकवी गळतेय, डोक्यावर ते पिवळे कुरळे केस. त्यांचे दिग्दर्शक मिस्टर हॅलोरन घोडे बघायचं सोडून तुझ्याकडेच बघत राहिले. "एमोस, हे पोरगं कुणाचं?" बाबा म्हणाले, "माझंच. घोड्याच्या पाठीवरच जन्मलंय म्हणा ना!" बाबांची ती थाप आपल्याला केवढी महागात पडली. घोडी नुसती शिंकली तरी तू आईच्या झग्यामागे लपायचास.

मग ठरलं की तोंड तुझं आणि स्वारी माझी. आईने माझ्या वेण्या कापल्या, केस कुरळे करायला रात्रभर चिंध्या गुंडाळून ठेवल्या, आणि तुझ्याच कापडाची पँट मला शिवली. अकरा वर्षांची उंचाडी मी घोड्यावर पाठ वाकवून बसले की लांबून अगदी तुझ्याएवढी दिसायची. शाळेत पोरं ओरडायची, "काय रे बाबू, तुझे केस कुठल्या न्हाव्याने खाल्ले?" मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आपल्या बिस्किट घोडीच्या पाठीवर बसून टेकडी उतरताना वाऱ्याने डोळ्यांत पाणी यायचं, तेवढं मला पुरत होतं. दौड संपली की ते तुला उचलून थांबलेल्या घोडीवर ठेवायचे, मी खाली बसून तुझा पाय घट्ट धरायचे, आणि तू कॅमेऱ्याकडे बघून हसायचास. ते हसू खोटं नव्हतं. मी खालून तुला वेडावून दाखवायचे म्हणून तू हसायचास. ते अख्ख्या देशाने पाहिलं, आणि गावोगावच्या पोरांनी तुझ्यासारख्या टोप्या विकत घेतल्या.

ओकलंडचा तो दिवस तुला आठवतो? थिएटरबाहेर पोरांची झुंबड उडाली होती. पत्र्याचा बिल्ला लावलेल्या एका मुलाने तुला विचारलं, "तू खरंच दरीवरून घोडा उडवलास?" तू शांतपणे म्हणालास, "छे! माझ्या बहिणीने उडवला. मला घोड्यांची भीती वाटते." सगळे खो खो हसले. काय विनयी पोर आहे म्हणून एका बाईने तुझा मुकाही घेतला. आतल्या खोलीत गेल्यावर बाबांनी तुझ्या थोबाडीत मारली. सात वर्षांचा होतास तू. त्यानंतर कुणी विचारलं की तू नुसतं "हो, सर" म्हणायचास, आणि म्हणताना माझ्याकडे बघायचं टाळायचास. मला वाटतं, तुझी शिक्षा तिथूनच सुरू झाली. मला मात्र तेव्हा वाटलं, झाला वाटतं आपला भाऊ मोठा माणूस.

पुलावरच्या चित्रीकरणाच्या त्या सकाळबद्दल आपण कधी बोललोच नाही. फळ्या दवाने ओल्या होत्या. बिस्किट घसरली आणि तिच्याबरोबर मी ओढ्यात गेले. तिला गोळी घालावी लागली, आणि माझ्या मांडीचं हाड डॉक्टरांनी बसवलं ते तिरकंच. किती तरी आठवडे मी माडीवरच्या खोलीत प्लास्टरमध्ये पडून होते, आणि तू एकदाही वर आला नाहीस. रोज जिन्यात पावलं वाजली की वाटायचं, आलास. यायचे ते बाबा, सूप घेऊन. मी विचारायचे, "एल्वुड कुठाय?" ते म्हणायचे, "कामात आहे गं. मोठा नट आहे तो, त्याला कुठली सवड?" मी भिंतीकडे तोंड करून रडायचे. पुढे मी काठी टेकत खाली आले, तोवर कंपनी दक्षिणेला निघून गेली होती, तुझे केस कापलेले होते, आणि तू माझ्याशी परक्यासारखा बोलत होतास. जेवताना बाबा बोलायचे, "नशीब दारात चालून आलं होतं, ते या दळभद्र्याने लाथाडलं." मला त्याचा अर्थ कळत नव्हता. मी विचारलं की आई डोळ्यांनी गप्प करायची. फ्लूच्या साथीत ती गेली आणि सांगणारं कुणी उरलंच नाही. मग सोळाव्या वर्षी तूही गेलास, मला न उठवता.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. शेवटी शेवटी त्यांचं बोलणं सुटं सुटं झालं होतं, पण एका दुपारी ते एकदम शुद्धीवर आले आणि छताकडे बघत म्हणाले, "तो पोरगा गव्हाणीखाली जाऊन बसला होता." मी म्हटलं, "कोण, बाबा?" मग त्यांनी सगळं सांगितलं. माझ्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी शेवटचं दृश्य राहिलं होतं. तू नुसतं दुसऱ्या एका उभ्या घोडीवर बसायचं होतंस, हसायचं होतंस, हात हलवायचा होतास. तू गव्हाणीखाली शिरलास आणि बाहेर येईनास. बाबांनी पाय धरून ओढलं, चाबूक दाखवला, मिस्टर हॅलोरननी चॉकलेट दाखवलं. तू एकच म्हणत होतास, "लिओटाचा पाय मोडलाय आणि मी हसू?" ऊन टेकडीमागे गेलं. सिनेमा अर्धाच राहिला. मग बाबा म्हणाले, "रागाच्या भरात मी त्याला सांगितलं, लिओटाला तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही, तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. उद्या खरं सांगू, परवा सांगू म्हणत राहिलो. आणि तो निघूनच गेला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. मी ते पुसलं, पण त्यांना माफ केलं असं काही तोंडातून निघालं नाही. अजूनही निघत नाही.

एल्वुड, मी तसं कधीच म्हटलं नाही. मी तुला रोज बोलावत होते. तू आठ वर्षांचा होतास, चाबकासमोर बसून राहिलास, आणि ते माझ्यासाठी. मी वरच होते, पण खालच्या तबेल्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. तेव्हा कळलं असतं तर मी ते प्लास्टर ओढत जिना उतरले असते. देशभरातली पोरं भलत्याच गोष्टीसाठी तुला शूर म्हणत होती. ज्यासाठी म्हणायला हवं होतं, त्यासाठी तुला घरात शिव्या मिळाल्या. आपली एवढी वर्षं वाया गेली, ती आता कुणी परत देणार नाही. आपल्या त्या मूकपटांपैकी एकही आता कुठे लागत नाही, आणि खरं सांगू, मला त्यांची आठवणही येत नाही. मला आठवतो तो खाली बसून धरलेला तुझा पाय, भीतीने थरथरणारा.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मनुएलने मला मागणी घातली आहे. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली, दोन मुली आहेत, धाकटी मला आत्ताच हुकूम सोडते. जर्दाळूचा हंगाम आटोपला की ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या चर्चमध्ये लग्न आहे. दारापासून वेदीपर्यंतची वाट लांब आहे. माझा पाय ओढतो, आणि मला काठी घेऊन जायचं नाही. मनुएलचे काका म्हणाले, "मी हात देतो की!" मी म्हटलं, "थांबा, मला भाऊ आहे." तू ये. कोणत्याही नावाने ये. आपण सावकाश चालू.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
लिओटा